काचपाखराला शून्य

आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. सासूबाईही तेच म्हणायच्या, पण त्यांच्या तोंडून ते कौतुक वाटत नसे. आज अडुसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरतात, तरी एका जागी पंधरा मिनिटं बसायचं म्हटलं की माझ्या अंगाला मुंग्या येतात. भोरच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं, तेही बाकांच्या मधून येरझाऱ्या घालत. अशी बाई एका किड्याची वाट बघत वेल्ह्याच्या डोंगरात मुक्काम ठोकून आली, यावर माझ्या मुलाचा अजून विश्वास नाही. त्याला वाटतं, मी आणखी कुठेतरी जाऊन आले.

सुरुवात झाली ती पुण्यात, त्याच्या गॅलरीतल्या अनंताच्या कुंडीपासून. यंदा पावसाळ्यात अनंताची पानं कुणीतरी कडेकडेनं कुरतडत होतं. शोधल्यावर बोटाएवढी हिरवीगार अळी सापडली, शेपटाकडे एक बारीक शिंग असलेली. सून औषध मारायला निघाली होती, मी मारू दिलं नाही. पुढे अळी दिसेनाशी झाली आणि मी विसरूनही गेले. सप्टेंबरात एका सकाळी त्याच अनंताच्या काडीला एक पतंग लटकलेला दिसला. अंग पिवळट हिरवं, कमरेला तांबडा पट्टा, शेपटाला काळी झुबकी, आणि पंख मळकट, करडे. मी चष्मा आणायला आत गेले. दूध उतू जात होतं म्हणून तिथेच थांबले. परत आले तर पतंग शेजारच्या सदाफुलीसमोर हवेत उभा होता, लांब सोंड फुलात घालून. न टेकता, भर उन्हात. आणि त्याचे पंख आरपार दिसत होते, काचेसारखे. खाली पांढऱ्या फरशीवर चिमूटभर राखाडी पीठ पडलं होतं.

हे पीठ मी पूर्वी वाचलं होतं, आणि त्याला शून्य दिलं होतं.

तीस वर्षं झाली असतील. आठवीच्या वर्गाला मी दिवाळीच्या सुट्टीचा अभ्यास दिला होता : एक कीटक प्रत्यक्ष पाहा, चित्र काढा, चार ओळी लिहा. मार्क पाच. वसतिगृहात राहणारा नामदेव नावाचा एक मुलगा होता, डोंगरातल्या कुठल्याशा गावचा. त्याच्या वहीत एकाच पाखराची दोन चित्रं होती. एकाच्या पंखांवर खडू घासलेला, दुसऱ्याच्या पंखांची नुसती रेघ. खाली लिहिलं होतं, ‘हे पाखरू जन्मताना पंखावर पीठ घेऊन येतं. मग थरथरतं आणि पीठ झाडून टाकतं. मग त्याचे पंख काचेचे होतात.’ पतंगाच्या पंखांवर खवले असतात आणि ते गेले की पंख निकामी होतात, एवढंच मी शिकले होते. मी लाल शाईनं शून्य दिलं आणि शेरा मारला, ‘पाहिलेले लिहावे, मनचे लिहू नये.’ तेवढ्यावर थांबले असते तर बरं. पण मी ती वही वर्गात वाचून दाखवली आणि विचारलं, “काय रे, तुझं काचेचं पाखरू जन्मल्या जन्मल्या गिरणीत गेलं होतं का?” वर्ग खदाखदा हसला. नववीनंतर तो मुलगा शाळेत दिसला नाही.

फरशीवरचं पीठ मी कागदात पुसून घेतलं. त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. एका पोराची शाळा माझ्यामुळे सुटली की काय, हे मला कळायलाच हवं होतं. आठवड्यानं पिशवी भरली.

भोर

भोरला कुसुमताईंकडे उतरले. त्या गणित शिकवायच्या आणि वसतिगृहाचं हजेरीपुस्तकही त्यांच्याकडेच असायचं. आता पंच्याहत्तरीच्या आहेत. पोरांची नावं, गावं, कुणाला कधी कांजिण्या झाल्या होत्या, सगळं तोंडपाठ. मी वहीची गोष्ट सांगितली तेव्हा वाटलं होतं, त्या म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस. तसं काही म्हणाल्या नाहीत.

“पासलीचा नामदेव,” त्या म्हणाल्या. “अंथरुणाची घडी नीट घालायचा. हल्ली वेल्ह्याला जीप चालवतो म्हणे. पण तू तेव्हा त्याला फार लागेल असं बोलली होतीस हो. तो रात्री जेवला नव्हता.”

“मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“तू उभी कुठे राहायचीस? घंटा झाली की निघालीस गावभर.”

हे खरं असल्यानं मी चिडले. त्यांनी दुपारी झोपून जा म्हणून गादी घातली. मी गादीवर बसून पाच वेळा घड्याळ बघितलं आणि उठले. कुसुमताईंनी शिदोरीला लाडू बांधून दिले आणि दारातून ओरडल्या, “माफी मागायला जाते आहेस, तपासणीला नाही. बोलताना ध्यानात ठेव!”

वेल्हे

नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याला पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. मधे वरव्यात गाडी बंद पडली आणि भाचीकडे मुक्काम करावा लागला, त्याचं पुराण सांगत नाही. वेल्ह्याच्या स्टँडसमोर चहा घेताना चौकशी सुरू केली. चहावाल्या काकू म्हणाल्या, “कोन नामदेव? हितं पंधरा नामदेव हायेत.”

“पासलीचा. जीप चालवतो.”

“आवं, मग काच्या म्हना की!”

“काच्या?”

“काच्याच. ल्हानपनापास्नं. का म्हंत्यात त्ये न्हाई ठावं. त्याला नामदेव म्हनून हाळी दिली तर त्यो वळूनसुदिक बघायचा न्हाई.”

मला ठाऊक होतं का म्हणतात ते. मी एका तासाला एक टिंगल केली आणि ती या माणसाला जन्मभर नाव होऊन चिकटली. आईबापांनी बारशाला ठेवलेलं नाव मी पुसून टाकलं होतं. चहा तसाच ठेवून मी उठले, स्टँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. बाकावरच्या एका पागोटेवाल्या आजोबांनी विचारलं, “बाई, कुनाकडं आलाय?”

“पतंग बघायला आले,” मी तुटकपणे म्हणाले.

आजोबा विचारात पडले. “संक्रातीला आजून चार म्हैनं हायेत की,” ते म्हणाले. मग पतंग म्हणजे उडवायचा नाही, उडणारा, हे समजावत असताना जीप आली. भरदार अंगाचा, पांढरट मिशांचा माणूस खाली उतरला, माझ्याकडे बघत राहिला आणि भर रस्त्यात पाया पडला.

“बाई? तुमी? हितं कुठं?”

तिथेच बोलून मोकळी झाले असते, पण जीपमध्ये माणसं कोंबली होती आणि एका पिशवीतून कोंबडा ओरडत होता. पुढच्या सीटवर आम्ही चौघं. खिंड चढल्यावर मागे तोरणा ढगात गेला आणि खाली पासलीकडची खाचरं दिसली. भात पोटरीला आलं होतं. बांधांवर तेरडा, वर माळावर सोनकी. एवढं सुंदर होतं, आणि मी सगळा वेळ मनात वाक्यं जुळवत होते.

पासली

घरात एक बाई चुलीपाशी होती. नामदेव म्हणाला, “ही शोभा, माझी धाकटी भन. दिली गावातच, चार घरं पल्याड. बायको लेकीच्या बाळंतपनाला गेलीया, म्हनून दोन टाईम हीच बघती.” शोभानं डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि परत भाकरी थापायला बसली.

आमच्याकडे पाहुण्याला विचारून वाढतात. इथे विचारत नाहीत. हुलग्याचं माडगं, नाचणीची भाकरी, ठेचा, वर भाताचा डोंगर. मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले, तर शोभानं बोटांच्या फटीतून माडगं ओतलं. पोळलं, पण चव अशी होती की ओरडता आलं नाही.

जेवण झाल्यावर मी काचेच्या पाखराचं नाव काढलं. ते कोषातून निघताना मला बघायचं आहे, म्हटलं. नामदेव का कोण जाणे गडबडला. “त्ये… त्ये शोभीला इचारा. मला खेप हाय,” म्हणाला आणि जीपकडे गेला. मला वाटलं, जुनी जखम. मी आणखीनच खजील झाले.

शोभा मला बांधावरच्या गेळ्याकडे घेऊन गेली. गेळा म्हणजे काटेरी, बुटकं झाड. पूर्वी याची हिरवी फळं ठेचून ओढ्यात टाकायचे, मासे गुंगून वर यायचे. पाखराच्या अळ्या पुण्यात अनंतावर चरतात, तशा इथे याच्यावर. मी डोळे फाडून पानं बघायला लागले. शोभा खाली बसली.

“आदी भुईवर बघायचं, बाई. मंग वर.”

जमिनीवर मिऱ्याएवढ्या काळपट लेंड्या पडल्या होत्या. त्यांच्या सरळ वर बघितलं, तर पानाच्या शिरेला चिकटून अळी. अख्ख्या नोकरीत मी पोरांना निरीक्षण, निरीक्षण म्हणत राहिले आणि अळी शोधायची ही रीत मला माहीत नव्हती. मी शिंगाला घाबरून हात मागे घेतला, तर शोभानं त्यावर बोट ठेवलं. “नांगी न्हाई ही. निसता धाक. चिमन्यांनी खाऊ नये म्हनून.”

मग तिनं बुंध्याजवळचा पाचोळा अलगद उचलला. खाली विरळ धाग्यांत गुंडाळलेले तीन कोष होते. दोन तपकिरी, एक काळा पडलेला. “ह्याचं डोळं दिसाय लागलं, बघा. उद्या न्हाईतर परवा. सकाळच्याला निघंल.” कोंबड्या उकरतील म्हणून तिनं भोवती काटेरी फांदी ठेवली. एवढं सगळं तिला कुणी शिकवलं, असं मी विचारलं. ती म्हणाली, “कोन शिकवनार? आमची शाळा चौथीपत्तुर व्हती.”

दुसऱ्या दिवशी काहीच निघालं नाही. मी गेळा ते ओटा आणि ओटा ते गेळा इतक्या फेऱ्या मारल्या की बांधावर पायवाट पडली असती. नामदेवशी दोनदा बोलायला गेले. एकदा प्रवाशानं हॉर्न वाजवला. दुसऱ्यांदा मी नुसतीच जीपच्या टायरची चौकशी करून परत आले. वर्गात एखाद्याला झापायला मला कधी शब्द शोधावे लागले नव्हते. माफीला मात्र जीभ जड झाली. शोभा शेवटी म्हणाली, “बाई, बसा की जरा. तुमी बसल्याबिगर त्ये काय निघत न्हाई.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी खरंच बसले. दोन तास. परीक्षेला सोडून एवढी मी कुठे बसले नसेन. मग मुलाला फोन करायचं निमित्त काढून ओढ्याकाठच्या खडकावर गेले. गावात मोबाईलला रेंज फक्त त्या खडकावर आणि गेळ्याच्या बांधावर येते. खडकावर चढते न चढते तोच नामदेवचा मेसेज आला, इंग्रजी अक्षरांत मराठी : bai gela javal ya lavkar.

‘बाई, गेला. जवळ या लवकर.’

गेला! पुन्हा चुकलं! दूध उतू गेलं म्हणून एकदा चुकलं आणि आता पायातल्या भिंगरीपायी. मला इतका राग आला स्वतःचा की मी खडकावरून उडीच मारली. बांधावर चप्पल रुतली, तुटली, मी खाचरात बसकण मारली, उठले, चिखलानं भरलेल्या लुगड्यानिशी धावत गेळ्यापाशी पोचले. नामदेव आणि शोभा उकिडवे बसले होते.

“कधी गेला?” मी धापा टाकत विचारलं.

“कोन गेला?” नामदेव म्हणाला.

“अरे, तूच लिहिलंस ना, गेला म्हणून!”

“गेला न्हाई वो बाई. गेळा! गेळ्याजवळ या, आसं लिवलंय.”

इंग्रजी अक्षरांत ‘ळ’ नसतो, हे मी पोरांना भाषेचा तास ऑफ असला की हमखास सांगत असे. तिथेच चिखलात बसून मी हसले आणि डोळेही पुसले.

पाखरू तिथेच होतं. काळा कोष फाटून रिकामा पडला होता आणि ते शोभानं ठेवलेल्या फांदीवर चढून उलटं लटकलं होतं. पंख आधी पाकळीएवढे, चुरगळलेले. बघता बघता धुतलेल्या कापडासारखे ताणत खाली आले. करडे, पिठाळ. अगदी वहीतल्या पहिल्या चित्रासारखे.

“आता वाळू द्यायचं,” शोभा कुजबुजली. “तासभर तरी.”

पाऊण तास मी इकडचं तिकडचं विचारत काढला. आता पळून जायला जागा नव्हती. मी नामदेवकडे वळले.

“नामदेव, तू आठवीत हे पाखरू लिहिलं होतंस. मी शून्य दिलं. सगळ्यांसमोर तुझी टिंगल केली. तू बरोबर होतास. मला काही माहीत नव्हतं, तरी मी ठासून बोलले. माझ्यामुळे तुझी शाळा सुटली असेल तर… मी तुझी माफी मागायला आले.”

नामदेवनं मान खाली घातली. केवढा बाप्या माणूस, पण शिक्षा झालेल्या पोरासारखा काटकीनं माती उकरायला लागला.

“बाई, शाळा मला नकोच व्हती. मला गाडी चालवायची व्हती. त्येचं काय मनाला लावून घिऊ नका. पन एक सांगतो, वरडू नका.”

“नाही ओरडत.”

“त्ये म्या लिवलंच नव्हतं. सुट्टीभर म्या नदीत डुंबलो. वही शोभीनं लिवली. चित्रं बी तिनंच काढली.”

मी शोभाकडे बघितलं. तीन दिवस ही बाई मला वाढत होती, लेंड्या दाखवत होती, बसा म्हणत होती. मी तिच्या मागे मागे फिरत, बोलायचे शब्द मात्र तिच्या भावासाठी जुळवत होते.

“बारा वर्साची व्हते,” ती पाखरावरची नजर न काढता म्हणाली. “दादा सुट्टीला आला की त्याचा आभ्यास म्या करायची. मला ग्वाड वाटायचं. मंग त्यो आला आन म्हनाला, बाई म्हंत्यात ह्ये खोटं हाय. म्या म्हनलं, आसंल. बाईंला ठावं आसतंय. म्या दोन डोळ्यांनी बघितलं व्हतं, तरी म्हनलं, माजं डोळंच वंगाळ आसतील.”

“मग?”

“मंग बघायचंच सोडलं. गेळ्याखालनं जायची, पन वर बघायची न्हाई. माजी थोरली पोरगी शाळंत जाया लागली, तवा तिला दाखवाय म्हनून परत बघितलं. पंदरा वर्सं झाली व्हती. पाखरू निघालं, थरथरलं, पीठ पडलं. आन म्या हितंच बसून रडले बगा. म्हनलं, माजं डोळं चांगलं व्हतं की.”

मी तिचा हात धरला. हात भाकरीच्या पिठानं खरखरीत होता. “शोभा, माझं चुकलं,” एवढंच म्हटलं, आणि ते म्हणायला मला काहीच जुळवावं लागलं नाही.

“गप,” ती एकदम म्हणाली. “सुरू झालं.”

पाखराचे पंख थरथरायला लागले. आधी हळू, मग इतके जोरात की दिसेनासे झाले, नुसता भुर्रऽऽ आवाज. पाय फांदीला घट्ट, आणि भोवती राखाडी धूळ उडत होती, उन्हात चमकत खाली येत होती. शोभानं तळहात पुढे केला. पाखरू सुटलं, बांधावरच्या तेरड्यासमोर हवेत उभं राहिलं, एका फुलात सोंड घातली, दुसऱ्यात घातली. पंखांतून पलीकडचं भात दिसत होतं. मग ते खाचरांवरून तिरकं निघून गेलं. मी सबंध वेळ जागची हलले नव्हते, हे मला नंतर कळलं.

मग नामदेवला उगाच चेव आला.

“मग बाई, आता किती मार्क देनार? पाचपैकी व्हते.”

“पाचच्या पाच,” मी म्हणाले. “लाल शाईनं, सही करून.”

शोभा तळहातावर पडलेलं पीठ उन्हात धरून बघत होती. तिनं मान हलवली.

“न्हाई बाई, चारच द्या. पीठ करडं आसतंय, म्या पांढरं काढलं व्हतं. घरात तेवढा पांढरा खडूच व्हता.”